टाकीचं झाकण

चिमी अडतीस वर्षांची होती आणि दारातून वाकून यावं लागे इतकी उंच, तरी घरात तिचं नाव चिमीच राहिलं. आधी नवऱ्याचं घर सुटलं, मग खोक्यांचा कारखाना बंद पडला, आणि ती मुकाट बाबांकडे परत आली. बाबांनी दार उघडलं, बॅग आत घेतली आणि त्या दिवसापासून रोज काही ना काही ऐकवायला सुरुवात केली.

बाबांनी जन्मभर नळजोडणीची कामं केलेली. गळती दिसली की त्यांचा जीव खालीवर होई. गळती बुजवायच्या राखाडी लुकणाची डबी त्यांच्या खिशात कायम असे. चिमूटभर मळायचं, दाबायचं, ओल्या अंगठ्याने गुळगुळीत करायचं. एकदा कुंडीतून पाणी फरशीवर येतं म्हणून त्यांनी कुंडीच्या बुडाचं भोक बुजवलं. आठवड्यात झाड कुजलं. बाबा म्हणाले, रोपवाल्याने फसवलं.

अशात पाणीपुरवठ्याच्या कचेरीला माणूस हवा असल्याचं कळलं. डोंगरावरच्या टाकीपर्यंत सात किलोमीटर पाइप गेलेला. रोज वर जाऊन तो तपासायचा, व्हॉल्व्ह फिरवायचे. वाट दगडांची, वाहन स्वतःचं पाहिजे. पण नोकरीबरोबर पंपघराशेजारची एक खोली होती. खिडकी, मोरी, दाराला कुलूप आणि किल्ली आपल्याकडे. चिमीला नोकरी हवी होतीच, पण त्या खोलीवर तिचा जीव जडला होता.

तिने कारखाना सुटताना मिळालेले पैसे घातले आणि बंद पडलेल्या एका सहलकेंद्रातली जुनी एटीव्ही घेतली. चार जाडजूड चाकं, स्कूटरसारखं हँडल, फाटकी सीट. बाबांनी बघताक्षणी गाडीला बेडूक म्हटलं आणि आपल्या खिडकीखाली ती लावायची म्हणून नाक मुरडलं.

पहिल्या दिवशी गाडी सुरूच होईना. चिमीने बटण दाबून दाबून बॅटरी उतरवली. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला बोलावलं, तर त्याने हँडलवरचा लाल खटका एका बोटाने सरकवला. इंजिन बंद करायचा खटका बंदवरच होता. मिस्त्री हसला, पण वाईट हसला नाही. त्याने तिला एक मंत्र दिला: आधी ठिणगी बघ, मग पेट्रोल बघ, मग हवा बघ, चौथं काही नसतं.

मग चिमी हात धुऊन त्या गाडीच्या मागे लागली. प्लग काढून घासायला शिकली, कार्ब्युरेटर उघडला आणि तीनदा चुकीचा जोडून चौथ्यांदा बरोबर जोडला. मागे लोखंडी पट्ट्यांचा कॅरिअर बसवला, व्हॉल्व्हच्या लांब चावीसाठी बाजूला पकड केली. ओढ्यात इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून हवेची नळी सीटपर्यंत उचलून घेतली. बाबा दारातून बघत. हात लावायला कधी आले नाहीत. वेल्डिंग आहे की वारूळ, एवढंच विचारून आत जात. तीन आठवडे ती रोज टाकीपर्यंत जाऊन आली, गाडी एकदाही अडली नाही. एवढं सबंध काम आपल्या हातून आजवर झालं नव्हतं, हे तिचं तिलाच जाणवत होतं.

सोमवारी नोकरीसाठीची चाचणी होती. रविवारी दुपारीच तिने गाडीची टाकी काठोकाठ भरली. पेट्रोलचा वास घरात येतो म्हणून बाबा संध्याकाळभर धुसफुसत होते.

सोमवारी कचेरीचे साहेब डोंगराच्या पायथ्याशी घड्याळ घेऊन उभे होते. चाळीस मिनिटांत वर जायचं, व्हॉल्व्ह बंद करून दाखवायचा. दुसरा उमेदवार एक दूधवाला, जुन्या मोटरसायकलवर. चिमीने पहिल्याच चढावर त्याला मागे टाकलं. दुसऱ्या वळणावर इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

ती घाबरली नाही. ठिणगी बघितली, होती. पेट्रोलची नळी काढली. चार थेंब आले आणि थांबले. गाळणी काढली, स्वच्छ. हवेचं फिल्टर काढलं, तेही स्वच्छ. तेवढ्यात दहा मिनिटं गेली, आणि बटण दाबताच गाडी सुरू झाली. थोडं अंतर जाऊन पुन्हा बंद. असं चारदा झालं. टाकी तिने स्वतः भरली होती, त्यामुळे झाकण उघडून बघायचं तिच्या मनातही आलं नाही. दूधवाला शेजारून वर गेला आणि व्हॉल्व्ह बंद करून, तिच्याकडे न बघता परत आला.

ती खाली आल्यावर साहेब म्हणाले, बाई, तुमच्याबद्दल तक्रार नाही, गाडी भरवशाची नाही.

दुपारी घरी आली तेव्हा बाबा जेवायचे थांबले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुझ्या हातात काही टिकत नाही, ते मला ठाऊकच होतं. चिमी बाहेर गेली. करण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून तिने टाकीचं झाकण फिरवलं. आत हवा शिरल्याचा लांबलचक सुस्कारा आला. तिने झाकण उलटंपालटं केलं. वरच्या बारीक भोकावर राखाडी लुकण बसलं होतं, गुळगुळीत, अंगठ्याचा ठसा असलेलं.

पेट्रोल खाली उतरायचं तर वरून टाकीत हवा शिरावी लागते. ती वाटच बुजली होती.

ती झाकण घेऊन आत आली आणि ताटाशेजारी ठेवलं. बाबांनी ते बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर एक वेगळीच ऐट आली.

"काल रात्री केलं," ते म्हणाले. "वास तिथून येत होता. म्हटलं, पोरगी एवढी डोंगरावर जाणार, वाटेत गळून पेट घेतला तर? तुझ्या लक्षातसुद्धा आलं नसतं."

चिमीला वाटलं, हे झाकण भिंतीवर फेकून मारावं. पण त्याहून वाईट म्हणजे तिला रडू येत होतं. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा त्या गाडीपाशी गेले होते, आणि काळजीने गेले होते.

"बाबा, ते भोक हवेसाठी होतं. तुम्ही ते बुजवलंत म्हणून गाडी बंद पडली."

बाबांचा घास हातात राहिला. त्यांनी झाकण उचललं, उजेडात धरलं, अंगठा त्या ठशावर ठेवून बघितला. त्यांचे ओठ हलले, आणि चिमीला वाटलं, आता ते चुकलं म्हणतील. एकदा म्हणाले असते तर तिला पुरलं असतं.

"मग हे तू मला आधी सांगायला हवं होतंस," ते म्हणाले, आणि जेवू लागले.

चिमीने झाकण उचललं, पदराला पुसलं आणि सुई शोधायला आतल्या खोलीत गेली.