भाजलेली माती

माझ्या नातीच्या पणजोबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, घरामागच्या टेकडीवर कोळशाची पहिली भट्टी लावली. तिच्या आजोबांनी एकीच्या सात केल्या. तिच्या वडिलांनी भट्ट्या विझवल्या, पण तोवर टेकडी तळहातासारखी उघडी पडली होती. नातीने तिथे पुन्हा रान उभे करायचे म्हणून रोपवाटिका काढली.

रोपवाटिका तिची, शिस्त माझी. मातीत कीड-बुरशी राहू नये म्हणून प्रत्येक घमेले पत्र्यावर भाजूनच पिशवीत जाई. हा माझा दंडक. रोपे पिशवीत टवटवीत दिसत आणि टेकडीवर लावली की तीन महिन्यांत वाळत. दोन वर्षे हेच चालले. तिसऱ्या वर्षी टेकडीच्या माथ्याशी भेग पडली. मी तिच्यात काठी घातली, ती मुठीपर्यंत आत गेली. खाली आमचे घर, घराखाली अख्खी गल्ली. त्या दिवसापासून कपाटाचे दार करकरले तरी दरड सुटली असे वाटून मी अंगणात धावे.

एका दुपारी नातीने परस्पर वाढवलेल्या नव्या रोपांची पिशवी फाडली. मुळांना बुरशीचे पांढरे तंतू लगडले होते. मी पत्र्याखाली जाळ केला आणि कोपऱ्यातले मातीचे पोते ओढले.

"आजी, सोड ते पोतं!" नात दारातूनच ओरडली. या घरात माझ्यावर कोणी आवाज चढवत नसे.

"कुजकी रोपं लावून टेकडी डोक्यावर पाडून घेणार आहेस?"

"कुजकी नाहीत गं! मूळ पोचत नाही तिथलं पाणी ही बुरशी आणून देते. पानं हवेतून कार्बन ओढतात, त्यातला वाटा ती घेते, आणि त्यातला थोडा मातीत राहतो. तुम्ही तीन पिढ्या धूर वर सोडलात, ही थोडा तरी खाली आणतेय. आणि तू तिलाच शेंगदाण्यासारखी भाजत बसलीस!"

म्हणजे दोन वर्षे वाळली ती रोपे माझ्याच दंडकाने मेली होती.

"ही माती कुठली?"

"पलीकडच्या रानबाईंची."

आमच्या भट्टीतून ठिणगी उडून रानबाईची साठ झाडे जळाली होती. 'झाडाला झाड देईन,' असा शब्द देऊन माझे यजमान वारले, आणि चाळीस वर्षे मी तिच्या दारावरून मान वळवून गेले.

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, माती हवी तेवढी ने. पण आजीला विचार, माझी झाडं आठवतात का."

मी जाळावर बादली ओतली.

ती रोपे भेगेच्या कडेने लावली. त्या पावसाळ्यात दर सरीला मी उठून माथ्याकडे पाहत असे. माती जागची हलली नाही. एकही रोप वाळले नाही.

मग न भाजलेल्या मातीत साठ रोपे वाढवली आणि मी स्वतः रानबाईच्या दारात उभी राहिले. भेगेला घाबरले त्याहून त्या उंबऱ्याला घाबरले.

"फार लवकर आलीस हो," ती म्हणाली.

"चुकले," मी म्हणाले. हा शब्द मी आयुष्यात प्रथमच उच्चारला.

तिने माझ्या हाती कुदळ दिली. दोन वर्षांनी तिच्या रानाच्या जळक्या पट्ट्यात आम्ही दोघींनी बोट लावून झाडे मोजली. साठ. सगळी जिवंत.

"फिटलं," रानबाई म्हणाली.