प्रताप जेवत नाही

मृणालिनीचे बाबा जाऊन दहा दिवस झाले, तेव्हा गिरीशकाकांनी अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या घरामागे भाताचा पिंड ठेवला. कावळा काही शिवेना. नोव्हेंबरच्या थंडीत तासभर कुडकुडून शेवटी त्यांनी गवताचा कावळा करून पिंडाला टेकवला.

घरात प्रतापही तीन दिवस जेवत नव्हता. प्रताप म्हणजे बाबांनी वसंतात इवलासा आणलेला शॅमेलिऑन, रंग बदलणारा सरडा. एरवी फांदीवरून न हलणारा तो आता पिंजऱ्याच्या तळाशी येऊन कोपरे खरवडत होता. समोरचे रातकिडे नुसते उड्या मारत होते.

"मृणाल, मोरेश्वरचा जीव कशात तरी अडकलाय," काका म्हणाले.

"काका, तुम्ही इंजिनिअर आहात."

"रिटायर्ड इंजिनिअर."

मृणालिनीचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी काका आंघोळीला गेल्यावर ती पिंजऱ्यासमोर उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बाबा, तुमची पुस्तकं मी कुणाला देणार नाही." प्रताप खरवडतच राहिला. तिची तिलाच लाज वाटली. पण हाही गेला तर बाबांच्या हातचं जिवंत असं काही उरणार नव्हतं. तिनं गाडी काढली.

जनावरांच्या डॉक्टरांनी पोट चाचपलं. "ही मादी आहे. अंडी धरली आहेत."

"पण ही एकटीच असते. नर कधी पाहिलाही नाही तिनं."

"कोंबडी नाही का घालत? पुरायला जागा मिळाली नाही तर अंडी अडकतील आणि ही मरेल. बादलीभर ओली वाळू द्या, आणि ती खणत असताना बघत बसू नका."

घरी येऊन तिनं वाळूची बादली आत ठेवली, पिंजऱ्यावर चादर टाकली.

"तीस वर्षं बाळंतपणं केली मोरेश्वरनं," काका म्हणाले. "त्याला कळलं नाही?"

तिनं चादर सारखी केली. कळलं असेल आणि सांगायचं राहिलं असेल, की खरंच कळलं नसेल? विचारायचं कुणाला?

दुसऱ्या दिवशी दुपारी वाळू वरून सारखी केलेली दिसली. खाली अठ्ठावीस पांढरी अंडी होती. यांतून काही निघणार नाही, टाकून द्या, असं डॉक्टर म्हणाले होते. अंड्यांचा वाडगा हातात घेऊन ती कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेली आणि परत आली. आपण नक्की कुणासाठी थांबलोय, ते तिला कळेना.

वाडगा ओट्यावर ठेवून तिनं चिमटीत एक रातकिडा धरला. सुकलेला, पोट खपाटीला गेलेला प्रताप फांदीवर बसला होता.

"घे बाई," ती म्हणाली.

जीभ सप्पकन बाहेर आली.