दोन वर्षं न उसवलेली दुमड

पुडीबाबाच्या दारात सकाळी आठलाच ही गर्दी! दम्याची पोरं कडेवर, आया घामाघूम. बाबा ओरडत होता, "छाती म्हणजे पेटी! कुलूप लावलं ग्रहांनी. किल्ली कोणाकडे?"

"तुमच्याकडे!" सगळ्यांत मोठा आवाज शिवणवालीचा. का नसावा? दोन वर्षांपूर्वी तिची लेक श्वासासाठी तडफडत होती. बाबाच्या पांढऱ्या पुडीनं ती तिसऱ्याच दिवशी धडाधड जिने चढली. तेव्हापासून रोज एक पुडी. माप द्यायला येणाऱ्या प्रत्येक आईला शिवणवाली बाबाचा पत्ताही द्यायची.

ती लेकीच्या गणवेशात खाली चार बोटं कापड दुमडून ठेवी, दर वर्षी टाके उसवून सोडी. यंदा कात्री घेऊन बसली, तर फ्रॉक गुडघ्याला बरोब्बर! टाके दोन वर्षांपूर्वीचेच; गेल्या वर्षीही उसवायची गरज पडली नव्हती. छातीवर मात्र बटण लागेना, गाल तर टम्म फुगलेले. तिनं मापाची वही काढली. दोन वर्षांत उंची जेमतेम बोटभर वाढलेली.

वही आणि पुडी घेऊन ती दवाखान्यात धावली. आठवड्यानं पुडीच्या तपासणीचा कागद आला.

"बाई, यात भरपूर स्टेरॉइड आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "धाप लगेच थांबते, तोच चमत्कार. पण मुलांना रोज एवढं दिलं, की वाढीचं हार्मोन दबतं, हाडांची वाढ खुंटते."

"मग आजच बंद करते मेल्याची पुडी!"

"अजिबात नको! शरीरात असं स्टेरॉइड थोडं आपोआप तयार होतं, ते आता झोपलंय. एकदम थांबवलं तर जिवावर बेतेल. मी याचीच मोजून गोळी देते, हळूहळू कमी करू. दम्याला श्वासातून ओढायचा फवारा देऊ, त्यातही स्टेरॉइडच, पण अगदी थोड्या मात्रेत. औषध वाईट नाही, चोरून देणं वाईट."

म्हणजे देताही येईना, टाकताही येईना! शिवणवालीला रडू फुटलं. "उंची?"

"बरीच भरून येईल. सगळी येईलच असं खोटं नाही सांगणार."

ती तडक बाबाच्या दारात गेली, सगळं सांगितलं. बाबा हसला, "श्रद्धा कमी पडली!"

"कमी पडली असती तर बरं झालं असतं, माझी पोर वाढली असती!" ती गर्दीकडे वळली. "बायांनो, पुडी एकदम बंद करू नका. ती घेऊन आत्ता दवाखान्यात चला."

"तूच पाठवलं होतंस ना आम्हाला?" एक आई कडाडली.

"हो, मीच. दोन वर्षं पुडी दिली, पण यात काय आहे, एवढं एकदाही विचारलं नाही. तुम्ही विचारा. बाबा असो, डॉक्टर असो, नाहीतर मी. जो सांगत नाही, त्याचं पोराच्या तोंडात घालू नका."