आधी साहेबांनी

रंगरावाच्या पिंजऱ्यावरची पाटी मी लिहिली आहे, आणि ती आजवर कोणी शेवटपर्यंत वाचली असेल असं मला वाटत नाही. ‘मँड्रिल. माकडांच्या सगळ्या जातींत आकाराने मोठा. नराचं वजन तीस किलोच्या पुढे, मादीचं त्याच्या निम्म्याहूनही कमी. नाकावर लाल पट्टा, गालांवर निळे उंचवटे, पार्श्वभाग निळा-जांभळा. फळं, बिया, किडे खातो. जास्तीचं गालांच्या पिशव्यांत भरून ठेवतो.’ लोक पार्श्वभागापर्यंत येतात, पाटी सोडून मूळ वस्तूकडे बघतात आणि खिदळतात. गालांच्या पिशव्यांपर्यंत कोणी पोचत नाही.

मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला माणूस. माझा मेहुणा, म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा, प्राणिसंग्रहालयात माकडांकडे आहे. तिथे पाट्या फुकट लिहून देणारा कोणीतरी हवा होता, त्याने मला पुढे ढकललं. मी राहतोही त्यांच्याचकडे, त्यामुळे नाही म्हणणं अवघड होतं.

एका संध्याकाळी तो घरी आला आणि बूट न काढताच खुर्चीत बसला.

“रंगराव गेला,” तो म्हणाला.

“अगं बाई! कधी?” बहीण म्हणाली.

“अजून जायचाय. साहेब म्हणतात, फिका पडला. पोस्टरवर लालभडक तोंड आणि पिंजऱ्यात हे धुतलेलं फडकं. पुढच्या आठवड्यात समिती येतेय. त्यांनी हो म्हटलं की नवा नर मागवायचा आणि याला मागच्या खोलीत टाकायचा. एकट्याला.”

“मग राहील एकटा. दादा नाही राहिला जन्मभर?”

“दादांना पुस्तकं आहेत. त्याला चार बायका आहेत.” मेहुणा बूट काढायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. “यापूर्वीचा म्हातारा मी मागे नेऊन ठेवला होता. भिंतीकडे तोंड करून बसला तो उठलाच नाही.”

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. “तुमच्या त्या जाडजूड ग्रंथांत काही नाही का यावर?”

होतं. या जातीत नराचा रंग त्याच्या पदावर अवलंबून असतो. इतर नरांना हटवून तो मुख्य झाला की लाली चढते, पद गेलं की उतरते. आमच्या रंगरावाला हटवायला कोणी उरलंच नव्हतं. मी चाचरत म्हणालो, “समोर दुसरा नर दिसला, तर कदाचित चेव येईल. म्हणजे, एखादा आरसा... पण माझं चुकत असेल.”

शेवटचं वाक्य मेहुण्याने ऐकलं नाही. ते कोणीच ऐकत नाही.

घरात एवढा मोठा आरसा एकच होता, बहिणीच्या कपाटाच्या दाराला.

“माझा आरसा? माकडाला?”

“चार दिवसांचा प्रश्न आहे गं.”

“आणि मी केस कशात बघून विंचरू? तुमच्या टकलात?”

तरी तिने दार निखळवून दिलं, वर चादरीत गुंडाळूनही दिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही ते दार गजांबाहेर टेकवून उभं केलं. रंगराव आला. पाहिलं. मानेवरचे केस ताठ झाले. मेहुण्याने आनंदाने माझ्या दंडाला चिमटा काढला. समोरच्याचेही केस ताठ झाले. रंगरावाने बराच वेळ त्याचा अंदाज घेतला. मग तेहतीस किलोंचा तो घरधनी सावकाश वळला आणि त्याने आरशाला आपला पार्श्वभाग सादर केला.

“हे काय आता?” मेहुणा म्हणाला.

“शरण गेला. त्यांच्यात वरिष्ठापुढे असंच करतात.”

“वरिष्ठ कोण? तिथे तोच आहे ना?”

“हो.”

“म्हणजे स्वतःलाच बघून गळपटला?” मेहुण्याने कपाळावर हात मारला. “दादा, हा तुमच्याच घराण्यातला.”



एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण फळांचं ताट आत सरकवलं तेव्हा रंगराव ताटापाशी बसून राहिला. वरिष्ठाने आधी खायचं, मग आपण. समोरचाही ताटापाशी बसून राहिला. तो याच्यासाठी थांबलेला, हा त्याच्यासाठी. मला दोघांचंही मन कळत होतं. मी एकदा बँकेच्या दारात एका गृहस्थांबरोबर असाच उभा होतो, “तुम्ही व्हा पुढे”, “छे छे, तुम्ही”, तोवर रखवालदाराने शटर ओढलं.

चार बायकांनी आपलं खाल्लं, मग त्याचंही खाल्लं. दोन-तीन दिवसांत काट्यावर त्याचं वजन दोन किलोंनी उतरलं. आम्ही आरसा घरी आणला. तरी रंगराव त्याच जागेकडे बघत बसायचा. आरशातले साहेब परत येतील, सुरुवात करतील, मग आपण. दिवसभरात एखाददुसरी फोड तोंडात टाकायचा, तीही चोरून, थोरल्या बायकोच्या आडून.

“फिका होता, निदान जेवत होता,” बहीण कपाटाला दार बसवताना म्हणाली. “तेवढंही तुझ्या पुस्तकाने घालवलं.”

समितीच्या दिवशी मेहुणा मला ओढत घेऊन गेला. “पाटीबद्दल कोणी विचारलं तर मी काय सांगू? तुम्ही हवेत.” त्याचा चेहरा उतरलेला होता. मागच्या खोलीची किल्ली साहेबांनी सकाळीच त्याच्या हातात दिली होती.

समितीच्या अध्यक्षबाई काठी टेकत आल्या. मागे चारपाच माणसं, आणि घट्ट निळ्या कोटात आमचे साहेब. ऊन मी म्हणत होतं. साहेबांचं तोंड लाल झालं होतं, नाक तर विशेष.

“हा एवढा वाळलाय कशाने?” अध्यक्षबाईंनी विचारलं. “खायला घालता ना?”

“उत्तम प्रतीची फळं, बाई! मी स्वतः खाऊन बघतो.” असं म्हणून साहेबांनी मेहुण्याच्या हातातल्या ताटातली सफरचंदाची फोड उचलून तोंडात टाकली.

ते नेमके आरशाच्या जागी उभे होते.

रंगराव उठला. त्याने साहेबांचं नाक पाहिलं, कोट पाहिला, हलणारा जबडा पाहिला. मग ताटाकडे आला आणि गजांतून हात काढून खायला लागला. एक फोड, दुसरी फोड, मग दोन्ही हातांनी. गाल टम्म फुगले. मेहुण्याने ताट गजांना आणखी चिकटवलं. गाल भरल्यावर रंगराव वळला आणि सगळ्या समितीसमोर त्याने साहेबांना पार्श्वभाग सादर केला.

कोणीतरी फिस्सकन हसलं.

“बघितलंत?” साहेब ओरडले. “हा असला निर्लज्ज प्राणी! आजच्या आज हलवा याला!”

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. ग्रंथालयात असतानाही मी लोकांना गप्प करायचो ते भिंतीवरच्या सूचनेकडे बोट दाखवून.

“बाई,” मी म्हणालो, “तो अपमान नाही. नमस्कार आहे. त्यांच्यात वरिष्ठांना तसंच दाखवतात.”

“काय दाखवतात?”

“पार्श्वभाग.”

“मोठ्याने बोला हो. ऐकायला कमी येतं मला.”

“ढुंगण, बाई!” मी ओरडलो. पलीकडच्या पिंजऱ्यातले पोपटही थबकले.

सुरुवात झालीच होती म्हणून बाकीचंही सांगून टाकलं. तो साहेबांना मुख्य समजतो. त्यांनी खाल्ल्याशिवाय खात नाही. नाहीतर उपाशी बसतो, म्हणून वाळलाय. आरशाचं तेवढं गाळलं.

“परत खाऊन दाखवा,” अध्यक्षबाई साहेबांना म्हणाल्या. साहेबांनी खाल्लं. रंगरावाने खाल्लं. बाईंनी तिसऱ्यांदाही खायला लावलं, मला वाटतं निव्वळ मजा म्हणून.

“नवा नर कशाला मग? राहू दे याला बायकांत. तुम्ही रोज सकाळी येऊन खात जा.”

“मी?”

“मग काय मी?”

मेहुण्याने किल्ली तिथल्या तिथे साहेबांच्या हातात परत ठेवली.

तेव्हापासून रोज सकाळी तो ऑफिसच्या दारात उभा राहून सांगतो, “साहेब, चला. तो थांबलाय.” रंगरावाचं वजन भरून आलं. लाली काही आली नाही. थोरली त्याच्या पाठीतलं काय काय वेचत बसते, तिला रंगाचं पडलेलं दिसत नाही. साहेबांच्या सुट्टीच्या दिवशी मेहुण्याने स्वतः सफरचंद खाऊन पाहिलं. रंगरावाने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं.

“एवढी वर्षं याचं हगलेलं काढलं,” मेहुणा म्हणाला, “आणि मला शिपाई समजतो.”

त्यामुळे साहेब सुट्टीच्या दिवशीही येतात. आता कुरकुरत नाहीत. खाऊन झालं तरी रंगराव वळेपर्यंत थांबतात. गेल्या सुट्टीला तर बायकोला घेऊन आले, ‘बघ, काय मान देतो’ म्हणून. बाई पदर सावरून गजांपाशी उभ्या राहिल्या. रंगराव खाऊन वळला. त्यांनी तो सगळा निळा-जांभळा मान नीट बघून घेतला, मग नवऱ्याकडे पाहिलं.

“हे एवढंच हवं होतं,” त्या म्हणाल्या, “तर इतक्या लांब कशाला यायचं? घरी मुलं उठता-बसता तुम्हाला हेच दाखवतात.”