मधल्या शिरेची रेघ

मी स्कॅनच्या खोलीतला माऊस बोलतोय. माझ्या डाव्या बटणाचा रंग उडालाय, वायरीला चिकटपट्टी आहे. माझ्यासोबत जन्मलेले भाऊ कुठे पत्रं लिहीत असतील, कुठे खेळ खेळत असतील. माझ्या वाट्याला यकृतं आली.

जिवंत माणसाच्या यकृताचा तुकडा दुसऱ्याला बसवायचा, तर आधी मोजमाप लागतं. पोटाचा स्कॅन पडद्यावर चकत्या-चकत्यांनी येतो. डॉक्टरीणबाई मला धरून प्रत्येक चकतीत यकृताच्या कडेनं रेघ ओढायच्या, मग मधल्या शिरेला धरून दुसरी. इकडचं द्यायचं, तिकडचं ठेवायचं. बेरीज संगणकाची. देणाऱ्याकडे शंभरातले तीस भाग तरी उरलेच पाहिजेत. बाई दोनदा मोजायच्या, दुसऱ्यांदा पहिला आकडा झाकून. तोवर कुणाला अवाक्षर सांगायच्या नाहीत.

एकदाच सांगितलं.

ती पोरगी विशीतली. वडिलांना यकृत देणार होती. भावाचा रक्तगट जुळेना, म्हणून उरली हीच. दाराशी उभी राहून म्हणाली, "डॉक्टर, नुसतं हो की नाही तेवढं सांगा. काळजीनं बाबा जेवतसुद्धा नाहीयेत."

पडद्यावर पहिल्या मोजणीचे चौतीस होते. बाईंना राहवलं नाही. "हो," म्हणाल्या. पोरगी लिफ्टची वाट न बघता जिन्यानं वर, बाबांच्या वॉर्डाकडे पळाली.

दुसऱ्या दिवशी आले सव्वीस. पुन्हा मोजलं, सव्वीसच. आदल्या दिवशी अकरा चकत्यांत रेघ शिरेच्या भलत्याच बाजूनं गेली होती. बाई दमलेल्या होत्या, माझंही चाक अडखळत होतं. दोष कुणाचा, मला अजून ठरवता येत नाही.

"चार भागांनी काय होतंय?" पोरगी म्हणाली. "मी चांगली धडधाकट आहे. ओढा ना रेघ जरा पलीकडून, कालच्यासारखी."

"रेघ सरकवली म्हणून यकृत वाढत नाही गं. तुला जिवंत घरी जायचंय."

"मग छोटा भाग द्या त्यांना."

"तो त्यांना पुरणार नाही, बाळा."

"काल पोटभर जेवले हो ते! आता वर जाऊन काय सांगू मी?"

बाईंनी मला घट्ट धरलं होतं. मलाही वाटलं, सरकावं थोडंसं. पण बाईंचा हात सरकला नाही.

"मी येते सांगायला," म्हणत बाई उठल्या.

वडील सतराव्या दिवशी गेले. महिन्याभरानं पोरगी आपल्या स्कॅनची सीडी न्यायला आली. दारातच थबकली. "चूक नक्की पहिल्यांदाच झाली होती ना, डॉक्टर? दुसऱ्यांदा नाही?"

बाईंनी तिला आपल्या खुर्चीत बसवलं, पडद्यावर तिचंच यकृत काढलं आणि तिचा हात माझ्यावर ठेवला. "शिरेला धरून चल," एवढंच म्हणाल्या. चकतीमागून चकती, तिनं स्वतः रेघ ओढली. दुपार सरली. मला वाटलं होतं, कुठेतरी ती रेघ पलीकडे ढकलेल. एकाही चकतीत ढकलली नाही.

सव्वीस.

तिनं हात उचलला तेव्हा माझी पाठ ओली झाली होती.

आता तिथे नवा माऊस आहे आणि मी खणात पडून असतो. एवढंच मागणं आहे, अशा दाराशी कधी उभे राहिलात तर आणखी एक दिवस कळ काढा. तिला 'नाही' ऐकावं लागलंच असतं. पण बापाच्या ताटासमोर जाऊन 'हो' परत घ्यावं लागलं नसतं.