सोबत नेणारा

"काका, नातेवाईकाचा नंबर टाकल्याबिगर कॉम्प्युटर पुढंच नाही जाऊन राह्यला," साक्षी खिडकीतून म्हणाली. "घरून कोन येऊन राह्यलं?"

हर्नियाचे टाके सांभाळत भगवंतराव खिडकीबाहेर उभे होते. एरवी ते आत, साक्षीच्या शेजारी बसत. आदिलाबादच्या या खासगी दवाखान्यात रुग्णांना घरी सोडायचे काम त्यांनी अख्खी नोकरी केले, आणि आज सुट्टी त्यांनाच मिळत होती.

दोन वर्षांपूर्वी हे काम कॉम्प्युटरवर बसवायला हैदराबादच्या कंपनीने चंचलला पाठवले. मूळची इथल्याच, जवळच्या मावला गावची मुलगी. आधी डॉक्टरची सही, मग औषधे, मग बिल, शेवटी गेटपास. भगवंतराव सांगत, ती चौकोन काढून बाण जोडत जाई. 'सोबत नेणारा' या चौकोनात तिने 'स्वतः' असाही पर्याय ठेवला, तेव्हा भगवंतराव उखडले. "मानूस दवाखान्यातून एकटा जाते काय? वांकिडीचा एक म्हातारा असाच गेला, अन् बसस्टँडवर चक्कर येऊन पडला. काढ ते!" तिने काढले.

तेव्हा घरी रुक्माबाई होत्या. यायला जरा उशीर झाला की फोन करायच्या. मूलबाळ नव्हते, पण दोघांचे चालले होते. मागच्या पोळ्याआधी त्या गेल्या आणि घर खायला उठले. ऑपरेशनचे भगवंतरावांनी शेजाऱ्यांनाही सांगितले नाही. सांगूनही कोणी आले नसते, तर ते फार लागले असते. आणि 'स्वतः' हा पर्याय तर त्यांनीच काढायला लावलेला. आता आपलेच दात, आपलेच ओठ. बोंब मारणार कोणाच्या नावाने?

"माझा नंबर टाकू काय?" साक्षीने हळूच विचारले. "मुलगी लिवते."

भगवंतरावांना भरून आले. क्षणभर हो म्हणावेसेही वाटले. पण खोटेच लिहायचे तर ते आपल्या माथी असावे.

"नोको माय. उद्या कोनी विचारलं तं तुले तरास." त्यांनी स्वतःचाच नंबर सांगितला.

"अन् नातं?"

"भाऊ टाक."

साक्षीने वर न बघता टाकले. कॉम्प्युटरनेही मुकाट्याने घेतले. माणूस स्वतःचाच नातेवाईक होईल, हे तेव्हा चंचललाही सुचले नव्हते.

खिशात फोन वाजला. भगवंतरावांनी चष्मा लावून वाचले. 'आपले रुग्ण भगवंतराव यांना सुट्टी मिळाली आहे. कृपया त्यांना न्यायला यावे.'

त्यांनी ते पुन्हा एकदा वाचले.

"आलो बापा," ते पुटपुटले, आणि भिंतीला हात लावत सावकाश गेटकडे निघाले.