साखरपुड्यातच लग्न

आमच्या लोकांना एक खोड आहे. साखरपुडा म्हणून पाहुणे जमवायचे आणि जेवणाची पानं पडायच्या आत लग्नच लावून मोकळं व्हायचं. मग वर्षभर "साखरपुड्यातच उरकलं हो" असं कौतुकाने सांगत फिरायचं. मी जन्मले, वाढले सिंगापुरात, त्यामुळे हे नुसतं ऐकून होते. ते माझ्याच वाट्याला आलं आणि माझ्या संसाराचं सुरू होण्याआधीच वाटोळं झालं. मी हे रागाने सांगतेय, आणि तो राग लपवायची मला गरज वाटत नाही.

प्रताप मिरजेचा. जुरोंगच्या एका शिपयार्डात फिटर होता, कामगारांना मिळतं त्या वर्क पर्मिटवर. मी नोव्हेना भागात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे काउंटरवर बसायचे. शेजारी वेल्डिंग चाललेलं असताना डोळ्यात कण गेला म्हणून सुपरवायझरने त्याला आणलं होतं. आडनाव वाचून मी मराठीत बोलले, तर एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्यातून पाणी गळतंय अशा अवस्थेत हा माणूस हसला. पुढचं सांगायला नको.

घरी सांगताना मला बाबांची धास्ती होती. बाबा मरीन इंजिनियर, उमेदीची वर्षं जहाजावर काढून इथे स्थायिक झालेले. आम्ही सगळे इथले नागरिक. फिटर जावई त्यांना खटकेल असं वाटत होतं. पण पहिल्याच दिवशी दोघं बॉयलरच्या गप्पांत असे रंगले की आई जेवायला हाका मारून दमली.

अडचण वेगळीच होती. वर्क पर्मिटवरच्या माणसाला इथल्या नागरिकाशी लग्न करायचं तर आधी सरकारची परवानगी घ्यावी लागते, मग लग्न इथे करा नाहीतर जगाच्या पाठीवर कुठेही. आधी केलं तर पर्मिट रद्द, परत पाठवणी, आणि पुन्हा या देशात पाऊल टाकायचं नाही. मोठ्या पगाराच्या नोकरीला मिळतो त्या एम्प्लॉयमेंट पासवर आलेल्या पुण्या-मुंबईच्या मंडळींना हे सांगितलं तर खरं वाटत नाही. त्यांच्या बायका डिपेंडंट पासवर येतात आणि पंधरा दिवसांत काँडोच्या पूलमध्ये पाय सोडून बसतात. दोन्हीकडे नवरा मराठीच, पण पास वेगळा.

आम्ही रीतसर अर्ज केला आणि उत्तराची वाट बघत बसलो. तेवढ्यात प्रतापच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. सावरले, पण खुर्चीला खिळले. निदान साखरपुडा तरी डोळ्यांनी बघू दे, असं त्यांनी कळवलं. साखरपुड्याला कुठलाच कायदा आडवा येत नव्हता. जूनमध्ये रजा काढून आम्ही सगळे मिरजेला गेलो.

अंगठ्या घालून झाल्या, पेढे वाटले गेले, आणि प्रतापचे दिलीपकाका बाबांच्या खांद्यावर हात ठेवून बोलायला लागले.

"व्याहीबुवा, हॉल आहे, गुरुजी आहेत, दोन्हीकडची माणसं आहेत. आता चातुर्मास लागला की एकदम तुळशीच्या लग्नानंतरचं बघायला लागणार. दादाची तब्येत ही अशी. टाकायच्या का अक्षता?"

मी आईचा हात धरला. आई बाबांकडे बघत होती. बाबांना नियम तोंडपाठ होता. अर्ज त्यांनीच माझ्या शेजारी बसून वाचला होता. हा माणूस भर समुद्रात कॅप्टनला नाही म्हणायला कचरला नसेल, पण हॉलभर पाहुण्यांसमोर, खुर्चीतल्या आजारी व्याह्यासमोर त्यांची जीभ टाळ्याला चिकटली.

मी त्यांना बाजूला घेतलं. "बाबा, तुम्हाला माहितेय काय होईल ते."

"अगं, रजिस्टर कुठे करतोय आपण? कागद नाही तर त्यांच्या लेखी लग्न नाही. तिकडे साखरपुडा म्हणून सांगू."

"आणि प्रतापने काय सांगायचं?"

"तेच."

मी प्रतापकडे पाहिलं. तो वडिलांकडे बघत होता. वडील रडत होते, आणि त्यांच्या चांगल्या हातात कुणीतरी अक्षता आधीच ठेवल्या होत्या. अशा वेळी नाही म्हणणारी मुलगी कशी असते ते मला ठाऊक नाही. मी पाटावर उभी राहिले. अंतरपाट दूर झाला तेव्हा प्रतापचा चेहरा इतका आनंदी होता की क्षणभर मीही सगळं विसरले. खरं सांगायचं तर ते लग्न छान झालं.

परत आलो. मंगळसूत्र मी काढून आईच्या कपाटात ठेवलं. प्रताप यार्डाच्या क्वार्टर्समध्ये, मी जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमध्ये. रविवारी हॉकर सेंटरला, खाण्याच्या स्टॉल्सच्या गर्दीत भेटायचो, आणि नवरा-बायको असून चोरासारखे एकमेकांचा हात धरायचो. काय सांगायचं ते ठरलं होतं. साखरपुडा झाला, बस. मी ठरवत होते आणि प्रताप मान डोलवत होता.

अर्जाच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. ओळख खरी आहे हे दाखवायला फोटो आणायला सांगितले होते. बाबांनी बसून निवड केली. अंतरपाट, सप्तपदी, हार, सगळं बाजूला काढलं. अंगठीचे ठेवले, आणि पंगतीतला एक, ज्यात मी नुसती हसतेय. त्यात पदराच्या आत गळ्याशी चार काळे मणी दिसत होते. ते बाबांनाही दिसले नाहीत, आईलाही नाहीत आणि मलाही नाहीत. लग्न झालेल्या बाईच्या गळ्यातले काळे मणी आपल्या डोळ्यांना इतके सवयीचे असतात की ते दिसतच नाहीत.

ऑफिसात आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. माझ्यासमोरची अधिकारी बाई तमिळ होती, आवाज मऊ, आईच्या वयाची. तिने तो फोटो माझ्याकडे सरकवला आणि मण्यांवर बोट ठेवलं.

"माझी जाऊ तेलुगू आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "तिच्या गळ्यात हेच असतं. लग्नात घातलेलं."

"हा नुसता दागिना आहे," मी म्हणाले.

"मग तुझं लग्न झालेलं नाही?"

"नाही. साखरपुडा झालाय."

तिने एक कागद टाइप करून आणला. या माणसाशी माझं कुठल्याही रीतीने लग्न झालेलं नाही, एवढाच मजकूर. दोघांनी सही केली तर फाइल पुढे जाईल, म्हणाली. मी पेन उचललं आणि सही केली. मी त्याला वाचवत होते.

ती कागद घेऊन त्याच्या खोलीत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा कागद तोच होता, माझ्या सहीखालची जागा कोरी.

"तो सही करत नाही," ती म्हणाली. "म्हणतो, तू त्याची बायको आहेस. तुमच्यापैकी एक जण खोटं बोलतंय."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि त्याच वेळी तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं एक करायचं होतं या माणसाने. एवढी एक सही.

"मी बोलतेय," मी म्हणाले.

मला ताकीद देऊन सोडलं. मी नागरिक होते ना. प्रतापचं पर्मिट रद्द झालं. नियमात जे लिहिलं होतं ते सगळं झालं, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. घरी बाबा म्हणाले, "मला वाटलं नव्हतं गं." मी त्यांना तोंडाला येईल ते बोलले, आणि त्यातला एकही शब्द आज परत घ्यायची माझी तयारी नाही.

चांगी विमानतळावर यार्डाचा माणूस प्रतापचा पासपोर्ट हातात धरून थोडा लांब उभा राहिला. आम्हाला बोलायला तेवढीच सवड मिळाली. मी म्हणाले, "मी नोकरी सोडते आणि मिरजेला येते. सिंगापूर नाही तर नाही."

तो बॅगेची चेन लावत राहिला. मग मीच विचारलं, "का नाही केलीस रे सही?"

"पेन हातात घेतलं होतं मी," तो म्हणाला. "बाई समोर बसून होती. मला वाटलं, होईल हळूहळू. झालीच नाही. तू माझी बायको नाहीस, हे मला लिहिता येईना."

मला रडू फुटलं. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग अगदी सहज, कामाचं काहीतरी विचारावं तसं त्याने विचारलं, "तुला किती वेळ लागला?"

मला खोटं बोलता आलं असतं. त्या ऑफिसात किती सफाईने बोलले होते. पण त्या एका माणसाशी मला खोटं बोलायचं नव्हतं.

"लगेच केली मी," मी म्हणाले. "तुझ्यासाठीच केली, प्रताप."

"हो. माहितेय मला," तो म्हणाला. बॅग उचलली आणि यार्डाच्या माणसामागून आत गेला.

मिरजेहून तो फोन करायचा. वडिलांच्या तब्येतीचं सांगायचा, आई-बाबांची चौकशी करायचा, माझ्याशी कधी वेडंवाकडं बोलला नाही. राजीनामा लिहून मी पर्समध्ये घालून हिंडत होते. प्रत्येक फोनवर वाटायचं, आज म्हणेल, अनुजा, ये. त्याने ते एकदाही म्हटलं नाही, आणि मलाही विचारायचा धीर झाला नाही.